लात्सामीसाठी सॅक

लात्सामी वारल्यानंतरच्या शंभराव्या दिवसाच्या दानाचं कागदी घर तयार झालं होतं. त्याच्याभोवती तिला तिकडे लागेल ते सगळं मांडलं होतं. गादी, उशी, मच्छरदाणी, पातेलं, चिकट भाताची वेताची करंडी, छत्री, चपला. दुसऱ्या दिवशी सकाळी विहारात भंतेंनी पाणी सोडलं की हे सगळं तिला पोचणार होतं. तिचा नवरा उनहुआन ओट्यावर बसून बघत होता. त्याला त्यात एक वस्तू कमी वाटत होती.

तो उठला, स्वयंपाकघरामागच्या खिळ्यावरची जुनी हिरवी सॅक काढली आणि छत्रीशेजारी आणून ठेवली.

"हे काय आणलंत भावजी?" फुत म्हणाली. ती लात्सामीची थोरली बहीण. "ती त्या परदेशी पोराची ना?"

"असेल. इतक्या वर्षांत कोणी विचारलंय?"

"विचारलं नाही म्हणून तुमची झाली? दुसऱ्याची वस्तू दान करायला निघालात! माझ्या बहिणीला तिथे चोर ठरवा आता."

"तिला प्रवासाला सॅक हवी होती, अक्का."

"मग जिवंतपणी घ्यायची होतीत."

उनहुआन सॅकवरची धूळ झटकत राहिला. फुतच्याही लक्षात आलं आपण काय बोललो ते. ती करंडीची दोरी उगाचच पुन्हा सोडून बांधू लागली.

नदीतल्या या बेटावर उनहुआन आणि लात्सामीच्या, पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या बांबूच्या चार खोल्या होत्या. लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांतच पाठीवर सॅक घेतलेली माणसं होडीतून उतरायला लागली, ती आजवर उतरत होती. एका रात्रीसाठी म्हणून यायची आणि ओसरीतल्या झोळीत पडून आठवडे काढायची. लात्सामी म्हणायची, एवढी मोठी माणसं पण तान्ह्या पोरासारखी झोळीत निजतात. त्यातलाच एक जण धबधबा बघून येतो म्हणून गेला आणि नंतर दुसऱ्याच देशातून निरोप पाठवला की सॅक राहू द्या, कधीतरी येऊन नेईन. ठेवते, असं लात्सामीने कळवलं. तेव्हापासून दर पावसाळ्यानंतर ती सॅक उन्हात टाकायची, लिंबू चोळून बुरशी काढायची. आत काय आहे ते तिने कधी उघडून पाहिलं नाही.

पाहुणा निघाला की त्याची सॅक ती स्वतः उचलून त्याच्या पाठीवर चढवायची आणि बाजूच्या कप्प्यात केळीच्या पानातला भात खुपसायची. एकदा एका मुलीची सॅक तिने स्वतःच्याच पाठीवर घेतली, काठापर्यंत चालत गेली आणि परत आली.

"जड आहे, पण जमेल," ती म्हणाली होती. "आपणही जाऊ या का हो? समुद्र बघून येऊ."

"जाऊ," तो म्हणाला होता. तेवढ्यात होडी लागली, पाहुणे उतरले. तिने सॅक उतरवली आणि तांदूळ वाफायला ठेवले. नको कोणीच म्हटलं नव्हतं. पण जाणं झालं नाही. या पावसाळ्यात तिला ताप आला आणि पाक्से शहरातल्या दवाखान्यातून ती परत आली नाही.

दुपारी तो विहारात गेला. म्हातारे भंते पायरीवर बसून दाढ कोरत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"फुत बरोबर बोलते," ते म्हणाले. "जे आपलं नाही ते पोचत नाही. आणि समज पोचलं, तर लात्सामी काय करील? तुला ठाऊक नाही का ती?"

"काय करील?"

"एक चप्पलसुद्धा त्यात भरणार नाही. तिथेही उन्हात वाळत घालील आणि मालकाची वाट बघत बसेल. समुद्र राहिला बाजूला."

उनहुआनला हसू आलं. शंभर दिवसांत पहिल्यांदाच, आणि त्यानंतर एवढा थकवा आला की भंतेंच्या शेजारी पायरीवरच तो बराच वेळ बसून राहिला.

घरी येऊन त्याने हिरवी सॅक दोरीवर टाकली. या वर्षी तिला ऊन दाखवायचं राहूनच गेलं होतं. ओसरीतल्या झोळीतून पाहुणी इल्झे बघत होती. ही मुलगी आली त्याला बरेच दिवस झाले होते. धबधबा नाही, सायकल नाही. पुढे कुठे जाणार विचारलं तर खांदे उडवायची.

"मामा, ती कोणाची?"

त्याने तिला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग खोलीत गेली आणि आतून काहीतरी धपाधप पडल्याचा आवाज आला. रिकामी निळी सॅक घेऊन ती बाहेर आली.

"ही न्या."

"वेडी का काय तू? मग सामान कशात नेशील?"

"अर्धं सामान मी वापरलंच नाही. देश बदलले, पण उचलायचं तेच. मी दमले, मामा. घरी जाते आता."

"मी मागण्यासाठी सांगितलं नव्हतं."

"माहीत आहे."

फुत चुलीपासून उठून आली. तिने सॅकचे पट्टे ओढून पाहिले, चेन उघडून आत हात घातला, तळ चाचपला.

"विचारा तिला, मनापासून देतेस का? नंतर मागायची नाही म्हणावं. चेन अडकते थोडी. आमची लात्सामी फार चिकित्सक होती, तिथून परत पाठवील."

उनहुआनने विचारलं. इल्झे हसली. "पाठवली तर मी इथेच येईन घ्यायला."

सकाळी विहारात निळी सॅक छत्रीशेजारी ठेवली. मंत्र सुरू होण्याआधी फुतने खांद्यावरच्या शेल्याआडून केळीच्या पानातली पुडी काढली आणि कोणी पाहत नाही असं समजून बाजूच्या कप्प्यात खुपसली. उनहुआनने पाहिलं. भंतेंनी पाणी जमिनीवर सोडलं. तो हात जोडून बसला होता. त्याच्या मनात एवढंच आलं की तिला ती एकटीने पाठीवर चढवावी लागणार. पहिल्यांदा जरा जड जाईल. पण जमेल.

दुपारच्या होडीने इल्झे निघाली. तिच्या हातात बाजारातली चट्टेरीपट्टेरी प्लास्टिकची मोठी पिशवी होती. उनहुआन सवयीने पुढे झाला, पण पाठीवर चढवण्यासारखं काही नव्हतंच. त्याचे हात तसेच राहिले. मग त्याने भाताची पुडी तिच्या हातात दिली.

"लात्सामी द्यायची तशीच आहे?" इल्झेने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "माझा भात जरा कच्चा राहतो."

होडी वळणाआड गेली. तो घरी आला. झोळी रिकामी होती, एक खोली झाडायची होती. हिरवी सॅक दोरीवर होती. एक बाजू वाळली होती, पाठीकडची अजून ओलसर लागत होती आणि शिवणीत बुरशी होती.

तो आत जाऊन लिंबू कापून घेऊन आला. शिवण चोळून काढली, सॅक उलटी केली आणि पुन्हा उन्हात टाकली.