दाल्वानीच्या पोराची दृष्ट

दाल्वानी सकाळीच पोराला घेऊन पलीकडच्या घरातून आली. मी लिंदोमारला मक्याच्या रव्याचा वाफवलेला कुसकुस भरवत होते. लिंदोमार माझा थोरला, चौतीस वर्षांचा. हातपाय आखडून गेलेले, डोळ्यांपुढे लहानपणापासून अंधार. जीभ मात्र तल्लख. दिवसभर मला टोमणे मारतो मेला.

दाल्वानी म्हणाली, ‘‘आत्या, याची दृष्ट काढ.’’

गावाची दृष्ट मीच काढते. हिरवी डहाळी आणि डोळे सांभाळणाऱ्या सांता लुझियाची प्रार्थना, तीन दिवस. डहाळी कोमेजली की दृष्ट तिच्यात उतरली, असं सगळे मानतात. मी पोराला दाराच्या उजेडात धरलं. तीन महिन्यांचं गुटगुटीत लेकरू, पण बुबुळं एका जागी ठरेनात, सारखी नाचत होती. लिंदोमारचंही असंच सुरू झालं होतं.

दाल्वानी माझ्या भावाची मुलगी आणि माझ्या धाकट्याची, जोझिव्हानची बायको. लग्न मीच जमवलं. शहरातले डॉक्टर रक्त तपासून सांगून गेले होते, नात्यात लग्नं करू नका. मी त्यांना वेड्यात काढलं. म्हटलं, आमच्याकडे सगळेच नात्यातले, मग करायचं कुणाशी? खरं कारण वेगळंच होतं. माझ्यामागे लिंदोमारला घास भरवायला घरचीच बाई हवी होती. त्या घासापायी मी या लेकराचं वाटोळं केलं.

पोराला तिच्याकडे देऊन मी डहाळी तोडली. पण प्रार्थना न म्हणताच ती खाली ठेवली.

‘‘ही दृष्ट नाही गं. आपलंच रक्त आहे हे. मला जोड्यानं मार, पण हे मला उतरवता यायचं नाही.’’

ती रडली नाही. पोराचं टोपडं सारखं करत म्हणाली, ‘‘मला ठाऊक आहे. पंधरा दिवस बघतेय मी. जोझिव्हान म्हणतो, दृष्टच लागलीय. तीन दिवस तरी त्याला तसं म्हणू दे. उचल डहाळी.’’

‘‘उचल की,’’ लिंदोमार खुर्चीतून म्हणाला. ‘‘माझ्या वेळी तर महिनाभर केलं होतंस.’’

मी उचलली. दुसऱ्या दिवशीही उचलली. तिसऱ्या दिवशी जोझिव्हान काजू वेचायचं काम टाकून स्वतः पोराला घेऊन आला. प्रार्थना संपेपर्यंत उंबऱ्यात टोपी हातात धरून उभा राहिला. मग विचारलं, गेली का गं आई?

मी म्हटलं, ‘‘थोडी राहिलीय. उद्याही आण.’’