तडा गेलेली देवी

अमेरिकेच्या टाकसाळीतली बाई आमच्या देव्हाऱ्यात कशी येऊन बसली, ते सांगतो. त्र्याहत्तर साली मोडवाल्याच्या भंगाराच्या ढिगात मला तांब्याचा जाडजूड सेंट, म्हणजे तिकडचा पैसा, सापडला. साल १७९४, मोकळ्या केसांची बाई, आणि तिच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत एक रेघ. त्या रेघेवर माझा जीव जडला. नाणी पाडून पाडून ठसा तडकला, की पुढच्या प्रत्येक नाण्यावर तो तडा उमटतो, आणि असल्या नाण्यांपायी माझ्यासारखे वेडे जन्म घालवतात. पाडव्याला अक्कलकोटहून माझा नाणीवेडा मित्र रुद्रप्पा भिंग घेऊन ते बघायला येणार होता. त्या आनंदात मी नाणं सदऱ्याच्या खिशातच विसरलो.

आदल्या दिवशी, अमावास्येला, माझ्या बायकोनं, सावित्रम्मानं, सदरा धुताना सापडलेलं ते देवाचा टाक समजून चिंचेनं लख्ख घासलं आणि इतर टाकांच्या शेजारी बसवून कुंकू लावलं. मी दुकानातून आलो, तर ती ते पदरात बांधून निघालेली.

"कुटं निघालीस?"

"तळ्यावर. टाक खंडित हाय की. तोंडाला तडा गेलाय. असला देव घरात ठेवत न्हाईत, पाण्यात सोडत्यात."

मी दारात आडवा उभा राहिलो. "अगं, ती देवी न्हाय, परदेशी बाई हाय."

"कुंकू लागलं की देवीच. सरका."

तेवढ्यात गुढीसाठी आणलेली साखरेची गाठी खुंटीला दिसली. तिच्या प्रत्येक पदकावर तीच एक रेघ. मला नाचावंसं वाटलं, थोडा नाचलोही.

"ह्या पदकावर बोट फिरव. रेघ आत गेलीय का वर आलीय?"

"वर आलीय."

"मग पदक फुटलंय व्हय?"

"न्हाय. हलवायाचा साचा फुटला असंल, भेगेत पाक शिरला."

"आता देवीच्या गालावर फिरव."

तिनं पदराची गाठ सोडली, डोळे मिटून बोट फिरवलं. चेहरा उजळला. "वर आलीय की. म्हंजे साचा फुटलाय, देवी अखंड हाय."

जिंकलो. मी ऐटीत हात पुढे केला. तिनं त्यावर साखरेचा खडा ठेवला आणि नाणं परत देव्हाऱ्यात बसवलं.

"अगं, माझं नाणं?"

"अखंड देव कुणी घराभाईर काढतं व्हय?"

दुसऱ्या दिवशी रुद्रप्पाला तिनं आधी पाय धुवायला लावले. भिंग लावून तो बराच वेळ तडा बघत राहिला आणि उठताना नकळत त्यानं हात जोडले. मी तर रोजच जोडतो. माझ्या संग्रहातलं सगळ्यात भारी नाणं बघायचं, तर आता मला आधी आंघोळ करावी लागते.