तिसरी खोली

“काका, हे भोक कशाचं?” घर बघायला आलेल्या बाईंनी स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

भोक चांगलं वीतभर रुंद होतं, ओट्यापासून दोन हात वर. त्याच्यासमोर फळीवर प्रोजेक्टर आणि शेजारी मिठाची बरणी. ऑपरेटर हौसेने पुढे झाले. चौतीस वर्षं त्यांनी थिएटरात मशीन चालवलं होतं. थिएटर बंद पडलं तरी ऑपरेटर हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

“मशीनचा झोत इथून पलीकडे जातो,” ते म्हणाले. “मशीन कधी हॉलमध्ये ठेवायचं नसतं. आवाज येतो, गरम होतं. चला, पलीकडे दाखवतो.”

पलीकडची तिसरी खोली म्हणजे त्यांचं थिएटर. खिडकी विटांनी बुजवलेली, भिंतींना काळं जाड कापड, फळ्या ठोकून पायरीपायरीने चढवलेली जमीन, आणि तिच्यावर थिएटर मोडलं तेव्हा लिलावात घेतलेल्या सहा लाल खुर्च्या, नंबरांसकट. बाई पहिल्याच पायरीला ठेचकाळल्या. त्यांच्या नवऱ्याने मोबाइलची बॅटरी लावून छतापासून जमिनीपर्यंत फिरवली.

“छान आहे हो,” तो म्हणाला. “पण आई कुठे झोपणार?”

“दोन नंबरच्या खुर्चीत,” बाई हळूच म्हणाल्या, आणि दोघांनाही हसू आवरेना.

ऑपरेटरही हसले. एजंट तेवढा हसला नाही. गिऱ्हाईक खाली गेल्यावर तो दारातच थांबला.

“काका, स्पष्ट बोलू? रागावू नका.”

“बोल बाबा.”

“या खोलीने घराची किंमत वाढत नाही. उलट उतरते. खिडकी नाही, जमीन सपाट नाही. लोक हिला खोली धरतच नाहीत. तीन खोल्यांचं घर तुम्ही स्वतःच्या हाताने दोन खोल्यांचं केलंय.”

“अरे, पण मी खर्च किती केलाय! नुसता पडदाच—”

“तो तुमच्या हौसेचा खर्च झाला. घेणाऱ्याला दिसतो तोडायचा खर्च. गवंडी बोलवा. खिडकी उघडा, भोक बुजवा, फळ्या काढा. हेच दोघं तीन खोल्यांचा भाव देतील, मी बघतो. नाहीतर तुम्ही घ्यायला निघालाय ते तळमजल्याचं घर विसरा. तो मालक महिनाअखेरपर्यंतच थांबणार आहे.”

विसरून कसं चालेल? बायकोचे गुडघे कामातून गेले होते. दोन मजले उतरायचे म्हणजे ती कठडा धरून, मध्ये दोनदा बसून उतरायची. चार महिन्यांत दवाखान्याखेरीज तिने बाहेरचं जग बघितलं नव्हतं.

दार लावून ऑपरेटर तिथेच चपलांच्या कपाटावर टेकले. आठ वर्षांपूर्वी फंडाचे पैसे या खोलीत घातले, तेव्हा बायकोने एकदाच विचारलं होतं, “एवढं कशाला?” आणि ते छातीठोकपणे म्हणाले होते, “अगं, हा खर्च नाही. घर विकायला काढू तेव्हा बघ, लोक या खोलीवर उड्या मारतील.” कुणी सांगितलं होतं त्यांना? कुणीच नाही. जन्मभर तिकिटाच्या खिडकीवरच्या रांगा बघितल्या. त्यांना वाटलं, ज्या घरात सिनेमा त्या घरालाही रांग लागणार. कसली रांग आणि कसलं काय! गिऱ्हाईक हसत हसत जिना उतरून गेलं.

“काय म्हणाला एजंट?” बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

“काही नाही. कळवतो म्हणाला.”

“अहो, गुडघे गेलेत माझे, कान नाही गेले.”

ते आत गेले. ती भाजी निवडत होती. “मी फसवलं गं तुला,” ते म्हणाले. “म्हणजे मला खरंच तसं वाटलं होतं. पण फसवलंच. तुझा तळमजला मी त्या खुर्च्यांखाली गाडला.”

“पुरे झालं. गवंड्याला फोन लावा.”

“तुला वाईट नाही वाटत?”

“वाटतं ना. पण किमतीचं नाही वाटत.” एवढं बोलून तिने पुन्हा जुडीत डोकं घातलं. ऑपरेटरांना काही उमगलं नाही.

गवंडी उद्या सकाळी आठला येतो म्हणाला. ते ऐकून बायको म्हणाली, “मग आज दुपारी एक खेळ लावा. शेवटचा.”

दुपारी त्यांनी भिंग पुसलं, सिनेमा लावला, भोकातून डोकावून चित्र नीट केलं. ती काठी टेकत जाऊन चार नंबरला बसली. पाच मिनिटं झाली नसतील, तर हाक आली.

“अहो, इकडे या.”

“काय झालं? चित्र हललं?”

“चित्राला काही झालं नाही. तुम्ही या.”

“अगं, मशीनपाशी कुणीतरी नको का?”

“मशीनला काय धाड भरलीय? आता काय रिळं बदलायची आहेत?” तिचा आवाज चढला. “चौतीस वर्षं तुम्ही वर आणि मी खाली. पासावर मी सगळे सिनेमे बघितले, पण शेजारी कायम परकं माणूस. घरात थिएटर केलंत, म्हटलं, आता तरी शेजारी बसाल. तर तुम्ही भिंतीला भोक पाडून पलीकडे उभे!”

ऑपरेटरांनी मशीनवरचा हात काढला. खरंच की! आठ वर्षांत हे एकदाही डोक्यात आलं नव्हतं. ऑपरेटरने मशीन सोडायचं नसतं, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांना भरून आलं, आणि स्वतःची लाजही वाटली.

ते जाऊन पाच नंबरला बसले. थोड्या थोड्या वेळाने मान वळवून मागच्या झोताकडे बघायला लागले, तशी तिने त्यांचा हात धरला. “पुढे बघा.”

त्यांनी पुढे बघितलं. भोकातून जन्मभर त्यांना सिनेमा तळहाताएवढा दिसला होता. इथून माणसांचे चेहरे भिंतभर होते, डोळ्यांतलं पाणीसुद्धा दिसत होतं.

“केवढं मोठं दिसतं गं!”

“हो,” ती म्हणाली.

सिनेमा संपला आणि पडदा नुसता पांढरा झाला. थिएटरात असं झालं असतं, तर लोकांनी शिट्ट्या मारून छप्पर डोक्यावर घेतलं असतं. चौतीस वर्षांत ऑपरेटरांनी तशी वेळ येऊ दिली नव्हती. आता त्यांची मान तिच्या खांद्यावर कलली होती आणि ते घोरत होते. तिने त्यांना उठवलं नाही. हात हातात ठेवून ती पांढऱ्या पडद्याकडे बघत बसून राहिली.