आतला खिसा

हेडबाईंचा हात झग्याच्या आत कोपरापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

झगा हिरवा होता, मिस्सेच्या, म्हणजे देवळातल्या मुख्य उपासनेच्या वेळी फादर सगळ्यात वरून घालतात तो. अस्तराच्या डाव्या बाजूला, छातीपाशी, बाईंच्या बोटांना काहीतरी लागलं होतं. त्यांनी झगा उलटा केला, चष्मा वर सरकवला आणि खोलीभर नजर फिरवली. शिवणयंत्रं आपोआप गप्प झाली.

"हे काय आहे?"

मावशी मान खाली घालून सुईत दोरा ओवत बसली. दोरा ओवलेलाच होता.

"मावशी, तुम्हालाच विचारतेय. हा खिसा आहे ना?"

"आहे खरा."

"नमुन्यात आहे?"

"नाही."

"मग फादरांनी काय मिस्सा चालू असताना यात शेंगदाणे ठेवायचे?"

कोपऱ्यातली एक जण फिस्सकन हसली आणि बाईंनी बघताच खोकायला लागली.

मिशन मंडळाची ही शिवणखोली. वरच्या मजल्यावर मंडळाचं कार्यालय. कुठल्या देशात देवळाला छप्पर हवंय, कुठल्या मुलांचं फादर व्हायचं शिक्षण अडलंय, ते सगळं तिथे बघतात. खाली बायका नव्या देवळांसाठी झगे आणि वेदीवरची कापडं शिवतात. जगाच्या कुठल्या टोकाला काय गेलं, हे त्यांना क्वचितच कळतं. हेडबाई शाळेतून निवृत्त झाल्या तशा इथे आल्या, आणि शाळा इथेच भरवली. नाकावर माशी बसू देत नसत.

"किती झग्यांना लावलाय?"

"मी शिवलेल्या सगळ्यांना."

"सगळ्यांना? म्हणजे जगभर गेले हे खिसे?"

"गेले असतील की."

बाई मटकन स्टुलावर बसल्या. हातातला किल्ल्यांचा जुडगा त्यांनी टेबलावर टाकला. त्यात कपाटांच्या किल्ल्यांमध्ये घराची एक जादा किल्ली होती, प्लॅस्टिकचा छोटा फुटबॉल लावलेली. बाईंचा मुलगा घर सोडून गेला तेव्हा ती टेबलावर ठेवून गेला होता. खोलीत हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर कुणी चकार शब्द काढत नसे.

"रविवारच्या मिस्सेसाठी पाहुणे फादर यायच्या आत इथले सगळे उसवा," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याच्या देवळात आपली हौस नको."

हौस! मावशीच्या जिवाला तो शब्द फार लागला.  तिने उसवायची छोटी कात्री घेतली आणि खिडकीपाशी जाऊन बसली.

तिचा धाकटा भाऊ याच मंडळातून फादर होऊन परदेशी गेला होता. घरात त्याचं नाव शेंबड्या. फादर झाला तरी शेंबड्याच. बारा महिने नाक गळायचं आणि पुसायचं बाहीला. आई ओरडून थकली. तो निघाला तेव्हा मावशीने त्याला रुमाल शिवून दिले, काठाला निळी शिलाई घालून. पहिल्याच पावसाळ्यात तो तिकडे तापाने गेला. त्याची पेटी परत आली तेव्हा सगळे रुमाल तळाशी तसेच होते, घडीही मोडलेली नव्हती. मावशी आधी चिडली होती, आणि मग भडाभडा रडली होती. ठेवणार तरी कुठे बिचारा? झग्याला खिसाच नसतो.

तेव्हापासून ती खिसा लावत आली. शिवून झालं की दर वेळी तोच विचार: हा कुणाला सापडेल का? कुणी हात घालेल का? एवढ्या वर्षांत कुठूनच काही कळलं नव्हतं, आणि आता तर खिसेच जाणार होते. ती मुद्दाम हळूहळू उसवत राहिली.

पाहुणे फादर शनिवारी दुपारी आले. परदेशातले, तरुण, काटकुळे, आणि शिकून घेतलेलं मराठी इतकं जपून बोलत की प्रत्येक शब्द पायाने चाचपून टाकताहेत असं वाटावं. मंडळाच्या मदतीवर ते शिकले होते, आणि रविवारी देवळात आभाराचे चार शब्द बोलणार होते. पिशवीतून त्यांनी आपला झगा काढला. त्याचा अगदी चोळामोळा झाला होता.

"आण इकडे बाळा," मावशीच्या तोंडून निघून गेलं. मग तिने जीभ चावली. "म्हणजे, द्या फादर. इस्त्री करते."

हेडबाई पलीकडे वेदीची कापडं मोजून लावत होत्या. मावशीने झगा उलटा करून टेबलावर पसरला. कापड वेगळं होतं, जाडंभरडं. टाकेही तिचे नव्हते. तिने अस्तरावरून हात फिरवला आणि तो डाव्या बाजूला, छातीपाशी थांबला.

खिसा होता.

इस्त्री तिने बाजूला ठेवली, नाहीतर कापड जळलंच असतं.

"फादर, हा झगा कुणी शिवला?"

"आमच्या गावच्या आयांनी. तुमच्याकडून एक झगा आला होता ना, फार पूर्वी. त्यावरून नमुना घेतला. आता आजूबाजूच्या सगळ्या देवळांचे झगे त्याच शिवतात."

"आणि हा?" मावशीने अस्तर वर धरलं. "हा खिसा?"

"तो तर असतोच." फादरांना प्रश्नाचंच नवल वाटलं. "जे मिस्सेला येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी. कुणी खाणीत कामाला गेलेलं असतं, कुणी अंथरुणावर, कुणी रागावलेलं. घरची माणसं त्यांची एखादी वस्तू आणून देतात. बटण, कंगवा, काहीही. ती खिशात ठेवायची, म्हणजे ते माणूस मिस्सेला आलं." ते हसले. "मोठ्या सणाला मी नुसता खुळखुळत असतो."

"आणि जे राहिलेच नाहीत, त्यांचं?"

"आम्ही विचारत नाही. देतील ते ठेवतो."

हेडबाई कापडं सोडून पुढे आल्या होत्या. मावशीने झगा जवळ ओढला. आता बाई सांगणार. हा नियम नाही, ही आमच्या मावशींची लुडबूड आहे, नाक पुसायच्या रुमालासाठी केलेली. आणि या पोराचं तोंड उतरणार.

"फादर, तो खिसा म्हणजे..." बाईंनी सुरुवात केली.

"हो, तेच विचारायचं होतं," फादर उत्सुकतेने वळले. "तुमच्याकडे यात काय ठेवतात?"

 शाळेत उभ्या जन्मात बाई कुठल्या प्रश्नाला अडल्या नसतील. त्यांनी हातातल्या जुडग्याकडे पाहिलं, मग मावशीकडे.

"चहा घेता ना?" त्या म्हणाल्या, आणि स्वतःच करायला गेल्या.

रविवारी मावशी लवकर देवळात पोचली आणि वेदीमागच्या खोलीत गेली. फादर झगा घालून तयार होते. तिने पदराखालून रुमाल काढला. निळ्या शिलाईचा, घडी अजून मोडलेली नव्हती.

"माझा भाऊ," ती म्हणाली. "फार शेंबडा होता."

फादरांनी झग्याची कड वर धरली. मावशीने आत हात घातला. खिसा रिकामा नव्हता. थंडगार धातू बोटांना लागला, आणि त्याला लटकलेला प्लॅस्टिकचा छोटा गोल चेंडू.  मग तिने रुमालाची घडी मोडली आणि तो किल्लीभोवती नीट गुंडाळून ठेवला.

मिस्सा चालू झाली. फादरांनी हात वर केले, खाली घेतले, गुडघे टेकले. झग्यातून कसलाच आवाज आला नाही. हेडबाई पहिल्या बाकावर ताठ बसल्या होत्या. एकदाही त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, पण त्यांचा चष्मा मांडीवर होता, आणि चष्म्याशिवाय त्यांना समोरचा माणूसही दिसत नसे.

मिस्सा संपल्यावर पायऱ्यांवर त्यांनी मावशीला गाठलं.

"ते खिसे उसवलेत?"

"थोडे उसवलेत, बाई. थोडे राहिलेत."

"राहिलेले राहू देत. उसवलेले परत लावा." त्या दोन पायऱ्या उतरल्या आणि थांबल्या. "आणि मावशी..."

"काय, बाई?"

"जरा मोठे घ्या."