हजर

"सासूबाई गैरहजर!" दशांशाने पडद्यावरची नजर न हलवता जाहीर केलं. "म्हणजे यंदाही माझी सुटका नाही."

खोलीत दरवर्षीसारखंच हसू फुटलं. ताईही हसली आणि पेनचं टोपण लावत-काढत आपल्या नोंदीची वाट बघत बसली.

कागदोपत्री या कामाला 'मृत्यू-जुळणी' म्हणत. हृदयरोगाच्या या अभ्यासात वीसेक वर्षांपूर्वी हजारो माणसं नोंदवली होती. त्यातलं कोण राहिलं, कोण गेलं, हे वर्षातून एकदा संगणकाच्या प्रोग्रामने सरकारी मृत्यूनोंदणीशी ताडून बघायचं. विभागात मात्र सगळे त्याला यमाची हजेरी म्हणायचे. नोंदणीत सापडला तो हजर, नाही सापडला तो गैरहजर. बाहेरच्या माणसाला हे ऐकून कसंसंच होईल, पण रोज मरणाचे आकडे मोजणाऱ्यांनी हसायचं तरी कशावर?

हजेरी बरोबर चालते का, हे तपासायची युक्ती ताईचीच. यादीत आपली चार जिवंत माणसं मिसळायची. त्यातलं एक जरी हजर निघालं, तरी प्रोग्राम चुकतोय. सगळी हजेरी रद्द, काम पहिल्यापासून. अट एकच, माणूस नक्की जिवंत हवा. दशांश, म्हणजे विभागाचा संख्याशास्त्रज्ञ, सासूबाईंना घालायचा. ताई धाकट्या भावाला घालायची.

नियम करणारीनेच नियम मोडला होता. भाऊ वडिलांशी भांडून घराबाहेर पडला, त्याला कैक वर्षं लोटली होती. वडील गेले तेव्हाही तो आला नाही. ना फोन, ना पत्ता. विभागात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. इथे ताई म्हणजे दरवर्षी वाढवून मिळणाऱ्या करारावरची शास्त्रज्ञ. शोधनिबंधात नाव मधेच कुठेतरी, पण घोडं अडलं की 'ताईंना विचारा'. ताईला विचारायला मात्र ही एकच जागा होती. पडद्यावर 'गैरहजर' उमटलं की तिच्या जिवात जीव यायचा, आणि संध्याकाळी ती आईला सांगायची, "आई, तो बरा असेल." 'आहे' म्हणण्याइतका पुरावा नव्हता, आणि पुराव्याशिवाय बोलायची तिला सवय नव्हती.

"अरेच्चा!" दशांश म्हणाला. "ताई, तुमचे बंधुराज हजर!"

पुन्हा हसू फुटलं.

"प्रोग्राम ढिला पडलाय. नावासारखी नावं असतात हो," तोच पुढे म्हणाला.

ताईने खुर्ची ओढली आणि नोंद उघडली. नाव तेच. वडिलांचं नाव तेच. आईचं नाव, जन्मतारीख, सगळं तेच. शहर भलतंच होतं, जिथे त्यांचं ओळखीचं कुत्रंही नव्हतं. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'अज्ञात'. असल्या नोंदींवर तिने विभागप्रमुख सरांपुढे कितीदा तोंडसुख घेतलं होतं. माणूस मरतो आणि कशाने मेला ते लिहायला कुणाला सवड नसते, असं तीच म्हणायची.

रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

"फोन लावा त्यांना," दशांश म्हणाला. "मेल्याची बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात. तोवर मी सरांना कळवतो, हजेरी रद्द. महिनाभराचं काम गेलं पाण्यात."

त्याने टेबलावरचा फोन उचलून नंबर फिरवला.

"थांबा. रद्द करू नका."

"अहो ताई, नियम तुमचाच ना? जिवंत माणूस हजर निघाला तर..."

"हजेरी बरोबर आहे," ती म्हणाली. "माझी नोंद चुकीची होती."

दशांशाने रिसीव्हर कानाला तसाच धरला. पलीकडून सर "हॅलो, हॅलो" करत राहिले. मग त्याने हळूच फोन खाली ठेवला.

"ताई..." तो म्हणाला.

ती घरी आली तेव्हा आई पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ताईने दार ओढलं. लॅच आपोआप लागलं. वरची कडी या घरात भाऊ गेल्यापासून कुणी लावत नसे. त्याच्याजवळ लॅचची किल्ली होती, अवेळी आला तर बिचाऱ्याला दार वाजवत बसायला नको, असं आई म्हणायची.

"आज तुझं ते वर्षाचं काम होतं ना?" आईने विचारलं.

"हो."

"मग?"

ताईने वाटेत वाक्य घोकून ठेवलं होतं. पर्स खुंटीला अडकवता अडकवता, आईकडे पाठ करून तिने ते म्हटलं.

"तो बरा आहे, आई."

मागे घड्यांची सळसळ थांबली.

"दरवर्षी 'असेल' म्हणतेस," आई म्हणाली.

पर्स खुंटीला लागली होती, तरी ताईचा हात तिथून निघेना.

आईने हातातली घडी पुरी केली आणि चळतीवर ठेवली. गुडघ्यावर हात टेकून ती उठली, दारापाशी गेली आणि टाचा उंचावून वरची कडी लावू लागली. इतक्या वर्षांत ती गंजली होती. आईला दोन्ही हातांनी रेटावी लागली.