कुवाबारासाहेबांचा शिक्का

मी एक जुना लाकडी शिक्का आहे, मित्रांनो. उंची तुमच्या करंगळीएवढी, रंग पिवळसर आणि तोंड कायमचे शेंदरी. त्या तोंडावर 'कुवाबारा' एवढे एकच आडनाव कोरलेले आहे, तेही उलटे. कागदावर टेकलो की ते सुलटे होते. आमच्याकडे माणसाच्या सहीला कोणी फारसे विचारत नाही, मला मात्र सगळे विचारतात. तेव्हा थोडा ताठा माझ्या अंगात आहे, तो तुम्ही चालवून घ्या.

माझा जन्म जपानमधल्या उएदा गावात, शिक्के घडवणाऱ्या एका कोरक्याच्या दुकानात झाला. रेशमाचे किडे पाळणारी एक बाई आपल्या मुलासाठी मला घडवून घ्यायला आली होती.

"पोरगा कुठं लागला?" कोरक्याने विचारले.

"मिनेगुची कंपनीत. रेडिओ करतात तिथं."

"मग चांगलं घट्ट लाकूड घेतो. कंपन्यांमध्ये काम कमी, ठसेच जास्त."

त्या मुलाचे नाव योशिहिको. कोरक्याचे म्हणणे किती खरे होते, ते त्याला आणि मला पुढे चांगलेच कळले.

पहिली काही वर्षे आम्ही कारखान्यातच होतो. योशिहिकोला रेडिओच्या तारा जोडायचे झाळकाम शिकवले ते हातानो नावाच्या तपासनिसाने. हातानो त्याच्याहून सहा वर्षांनी मोठे. तयार रेडिओ ते कानाशी धरत, हाताने चाचपत, कधी कधी तर हुंगतसुद्धा. लोक हसत. हातानो म्हणत, "हसा. घरी नेल्यावर गिऱ्हाईक रडायला नको." त्यांचा शिक्का माझ्या शेजारी उमटला की मला उगीचच मोठे झाल्यासारखे वाटे.

मग योशिहिको विभागप्रमुख झाले आणि वरच्या मजल्यावर बसू लागले. आता मीही त्यांना कुवाबारासाहेब म्हणतो. तिथे मंजुरीचा कागद खालून वर जातो. त्यावर एका ओळीत रकाने असतात आणि प्रत्येकाने आपापल्या रकान्यात ठसा मारायचा असतो. साहेबांनी पहिल्या कागदावर ठसा मारला, तेव्हा शेजारचे मोरिवाकी म्हणाले, "अहो, इतका ताठ ठसा? वरच्या साहेबांच्या रकान्याकडे जरा कलता मारा. वाकून नमस्कार केल्यासारखा दिसला पाहिजे."

त्या दिवसापासून मी वाकू लागलो. खोटे कशाला सांगू, मला ते आवडूही लागले. वरच्यांना माझा नमस्कार पोचत होता आणि कागद सरसर पुढे सरकत होते. सगळे कागद वाचायला वेळ कोणाला होता?

एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात नव्या रंगीत टीव्हीचा कागद आला. तपासणीचा रकाना रिकामा होता.

"हातानोसानांचा ठसा नाही?" साहेबांनी कारकुनाला विचारले. (सान म्हणजे तुमच्याकडचे 'राव'.)

"रजेवर असतील, साहेब."

"असतील. वर संचालक खोळंबलेत." असे म्हणून त्यांनी मला शाईत बुडवले आणि चांगले वाकवून टेकवले. मग न पुसताच मला उघड्या खणात टाकले आणि कागद उचलून ते जिन्याकडे धावले.

हातानो रजेवर नव्हते. त्यांनी रकाना मुद्दाम रिकामा सोडला होता आणि कागदाच्या मागे एक चिठ्ठी डकवली होती. साहेबांनी कागद उलटून पाहिला नाही. उचलताना चिठ्ठी सुटली आणि खणात माझ्याच तोंडावर येऊन पडली. मी शाईने ओला होतो. ती मला चिकटली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला न बघताच ओढून काढले, तेव्हा ती सुटून खणातल्या कागदांखाली गेली.

सप्टेंबरात तीन घरांमध्ये त्या टीव्हीतून धूर निघाला. एका घरी पडदा पेटला आणि तो विझवताना एका आजींचा हात भाजला. कंपनीत चौकशी बसली. कागदावर आठ जणांचे ठसे होते, म्हणजे दोष कोणा एकाचाच नव्हता. रिकाम्या रकान्याचा धनी मात्र एकच होता. "तपासणी झालीच नाही," असा निकाल लागला आणि सगळे खापर हातानोंच्या डोक्यावर फुटले.

"मी चिठ्ठी लावली होती," हातानो सांगत राहिले. चिठ्ठी कोणाला सापडली नाही.

ती साहेबांना सापडली, निकालानंतर आठ दिवसांनी, खणाच्या अगदी तळाशी. 'तीन तासांनी मागची बाजू हात लावता येणार नाही इतकी तापते. विक्री थांबवावी. हातानो.' आणि या अक्षरांखाली माझा ठसा. कोणाच्या हाताने न मारलेला, सरळ, ताठ. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला.  मग त्यांनी चिठ्ठीची घडी केली आणि माझ्या डबीत, माझ्या खाली ठेवून दिली.

हातानोंची बदली दूर उत्तरेला, होक्काइदोमधल्या कितामीच्या गोदामावर झाली. साहेब स्टेशनवर निरोप द्यायला गेले. मी त्यांच्या खिशात होतो.

"थंडीचं काही नाही रे, कुवाबारा," हातानो म्हणाले. "पण मी बघितलं नाही म्हणतात ना, ते लागतं."

साहेब कमरेत खोल वाकले. आता बोलतील, आता बोलतील, म्हणून मी कान देऊन होतो. गाडी हलेपर्यंत ते वाकलेलेच राहिले, पण तोंडातून शब्द निघाला नाही. मित्रांनो, माझ्या मालकावर माझा जीव आहे, तरी त्या दिवशी मला त्यांची लाज वाटली.

पुढे बावीस वर्षे साहेब चढत गेले. व्यवस्थापक झाले, संचालक झाले. मला कातड्याची नवी डबी मिळाली. जुन्या डबीतून चिठ्ठीही नव्या डबीत आली. प्रत्येक मंजुरीआधी डबी उघडायची आणि पहिली नजर तिच्यावर पडायची. साहेब कागद वाचू लागले, उलटून पाहू लागले. त्यांच्या या बारकाईचे सगळीकडे कौतुक होऊ लागले. ते कौतुक ऐकून त्यांना जेवण जात नसे.

"अहो, किती जुना झालाय हा कागद. टाकू का?" त्यांच्या पत्नी फुसाए एकदा म्हणाल्या.

"राहू दे."

शहाण्णव साली अध्यक्षांनी त्यांना बोलावले. आपल्यानंतर कुवाबारांनी अध्यक्ष व्हावे, असा कागद तयार होता. फक्त मी टेकायचा बाकी होतो. साहेबांनी डबी उघडली, पण आधी चिठ्ठी बाहेर काढून समोर ठेवली. तिच्या शेजारी स्वतः लिहिलेले एक पान ठेवले. त्यात घडले ते सगळे होते आणि खाली एकच रकाना आखलेला होता.

अध्यक्षांनी दोन्ही वाचले. "कुवाबारासान, बावीस वर्षांनी हे विचारतंय कोण?"

"कोणीच विचारत नाही. म्हणून तर सांगतोय."

"खुर्ची जाईल तुमची."

"जाऊ दे. त्या माणसाचं नाव परत द्या."

साहेबांनी मला त्या एकट्या रकान्यात टेकवले. ठसा स्वच्छ आला. आठवड्याने कारखान्याच्या सकाळच्या सभेत सगळ्यांसमोर ते पान वाचले गेले. हातानोंना कंपनीचे माफीपत्र गेले, साहेबांचेही वेगळे गेले. साहेब राजीनामा देऊन घरी बसले. कितामीहून उत्तर आले नाही.

आता मी घरातल्या फडताळात असतो. कधी काळी कोट्यवधींचे करार माझ्यावाचून अडत, आणि आता मी टपालाच्या पोचपावतीपुरता उरलो आहे. पहिल्यांदा फार अपमान वाटला. मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखा शिक्का नसेल, पण नाव तर आहे. ते कुठे टेकवता, ते वाचून टेकवा. आणि वापरून झाले की आम्हाला पुसून ठेवा. न पुसलेल्या गोष्टी कुठेतरी चिकटतात.

दोन वर्षे गेली. मग एका ऑक्टोबरात दाराशी जड खोके घेऊन माणूस आला. "आजोबा, ठसा द्या."

साहेब चष्मा लावून खोक्यावरची चिठ्ठी वाचू लागले. पाठवणार, हातानो, कितामी. आत काय, कांदे. त्यांनी ती सगळी वाचली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"आजोबा, गाडी रस्त्यात उभी आहे."

"थांब रे जरा. वाचू दे."

खोक्यात पत्र नव्हते. नुसते कांदे होते, मोठे, एकसारखे, प्रत्येक कांदा हाताने चाचपून, निवडून भरलेला. साहेबांनी एक कांदा उचलून दोन्ही हातांत धरला आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली.

फुसाए शेजारी येऊन बसल्या.  हळूच म्हणाल्या, "अहो, अजून चिरलासुद्धा नाही."