राहीबाईची सांगड

राहीबाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मानसिंग कृष्णेच्या डोहात मधोमध होता. छातीखाली तरंगायला बांधलेली भोपळ्यांची सांगड, हातात गळाची काठी, आणि नुकताच घावलेला हातभर लांब मरळ. काठावरून कुणीतरी पटका हलवत होतं. मानसिंगला वाटलं, मासा लागला का म्हणून विचारतंय. त्यानं मरळ उंच धरून दाखवला. काठावरचा माणूस आणखी जोरानं पटका हलवायला लागला, तसा मानसिंगनं मासा आणखी उंच धरला.

तो केरबा होता, पलूसचा, राहीबाईच्या माहेरचा गडी. भाचीच्या लग्नाला गेलेली मानसिंगची बायको राहीबाई पटकीनं एका रात्रीत गेली होती. मानसिंग ओल्या धोतरानिशी पलूसला चालत गेला. पोचला तेव्हा चिता विझत आली होती.

त्यानंतर तो पाण्यात उतरला नाही. सांगड सोप्यातल्या खुंटीला टांगली, ती तिथंच राहिली.

मासे धरून पोट भरावं अशी त्याची गत नव्हती. ऊस होता, बैल होते. त्याला नाद होता, एवढंच. राहीबाई टोमणे मारायची, "मासा बोटभर आन् धुणं ढीगभर!" पण सांगड तिनंच केलेली. गोठ्याच्या छपरावर कडू भोपळ्याचा वेल ती दर साली चढवायची. वेलावर वाळलेला भोपळा ती बोटाच्या पेरानं ठोकून बघायची. टणटणला तर सांगडीला, बद्द वाजला तर बाजूला. मग वाखाची जाळी विणून त्यात तीन भोपळे बसवायची. सांगडीचा भोपळा कापत नाहीत, बी आतच राहतं. म्हणून दर साली एक भोपळा फोडून ती पुढचं बी काढायची. कुठला फोडायचा, ते तिलाच कळायचं.

ती गेली त्या साली बी काढलं नव्हतं, वेल लावायचा राहिला. दुसरा उन्हाळा आला तशी मानसिंगची थोरली बहीण बनुबाई, जी आता घर बघत होती, रोज खुंटीकडं बोट करायला लागली.

"तिच्या हातचं हे शेवटचं भोपळं हायती. बी जुनं झालं की उगवत न्हाई. औंदा मिरगाला लावलं न्हाईस तर तिचा वेल संपला म्हन."

"एक फोडला तर सांगड मोडती, अक्का. दोन भोपळ्यांवर मानूस तरत न्हाई."

"तरायचं कुटं हाय तुला? वरीस झालं, नदीकडं बगितलं न्हाईस."

मानसिंग उठून बैलांना वैरण टाकायला गेला. पण रात्री जेवण गेलं नाही त्याला.

तोडगा काढला गुंडानं. गुंडा त्याचा बालमित्र, लढाईत लॉरी चालवून नुकताच पलटणीतून सुटून आलेला. "गड्या, भोपळं जाऊ दे. लॉरीची ट्यूब घिऊ. आमचा सायब इटलीत ट्यूबवर बसून तळ्यात मासं धरायचा. खुर्चीत बसल्यागत! मग तू बिनघोर भोपळा फोड."

मानसिंगला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

सांगलीच्या बाजारात मोटारीच्या जुन्या सामानाचं एक दुकान होतं. दुकानदारानं दोन ट्यूबा पुढं टाकल्या. गुंडानं एकेक फुगवून पाण्याच्या हौदात दाबली. पहिलीतून नळीपाशी बुडबुडे आले. दुसरीला दोन ठिगळं होती, पण ती गप्प राहिली. मानसिंगनं ती हातात घेतली आणि सवयीनं बोटाच्या पेरानं ठोकली. कानाशी धरून हलवली.

"पावनं," दुकानदार म्हणाला, "कलिंगड न्हवं त्ये!"

दुकानातली माणसं हसली. गुंडाही हसला. मानसिंग हसला नाही. ट्यूब कसलाच आवाज करत नव्हती.

चार दिवसांनी दोघं डोहावर गेले. गुंडानं ट्यूबच्या मधे गोणपाट आवळून बैठक केली होती. मानसिंगच्या खांद्यावर सांगडही होती.

"ही कशाला आनली? बायकू हाय व्हय, जाईल तितं संगं न्ह्यायला?" गुंडा बोलून गेला आणि मग बराच वेळ गळाला गांडूळ लावत बसला.

मानसिंगनं सांगड दाव्याला बांधून काठावर ठेवली. ट्यूबमध्ये बसला आणि पटक्यानं ट्यूब कमरेला करकचून बांधली.

"बांधतुयास कशाला? नुसतं बसायचं असतंय."

"सुटून गेली तर?"

सांगड बांधायचीच असते. जन्मभर त्यानं तेच केलं होतं.

पाणी कमरेला लागलं तेव्हा त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून वाईट वाटलं. पाय मारत तो आत गेला, गळ टाकला. जरा वेळानं काठीला जोराचा हिसका बसला. सांगडीवर असताना मासा ओढायला लागला की छाती पुढं टाकायची, भोपळे आपसूक उचलून धरतात. मानसिंगनं छाती पुढं टाकली. ट्यूब मागून वर आली. तो डोक्यावर उलटा झाला, पाय वर, तोंड पाण्यात. हात गाठीवर गेले. ओली गाठ दगडासारखी झाली होती.

गुंडाला पोहता येत नव्हतं. "गाठ सोड! गाठ सोड रं!" म्हणून तो ओरडला, आणि मग हाताला लागली ती सांगड त्यानं सगळा जीव लावून फेकली. मानसिंगचा वर आलेला हात जाळीत अडकला. त्यानं भोपळे छातीखाली ओढले. तोंड पाण्याच्या वर आलं. गुंडानं दावं ओढत त्याला काठाला आणलं.

दोघं खडकावर बसले. गुंडानं पटक्याची ओली गाठ दातानं सोडवली. "माजीच चूक," तो म्हणाला.

"न्हाई. ट्यूब चांगली हाय," मानसिंग म्हणाला. "मलाच न्हाई येत."

घरी आल्यावर बनुबाईनं सगळं ऐकलं आणि डोळ्याला पदर लावला. पण दुसऱ्या दिवशी तिनं कोयता आणून पुढं ठेवला. "आता तरी बी काड. तिनंच वाचिवलं न्हवं तुला?"

"म्हनून तर फोडवत न्हाई, अक्का."

तरी त्यानं जाळी सोडली. तिन्ही भोपळे ओळीनं मांडले. एकेक ठोकला. तिन्ही टणटणले. एकेक कानाशी धरून हलवला. तिन्हींत बी खुळखुळलं. कुठला फोडायचा, हे राहीबाईनं कधी सांगितलं नव्हतं आणि त्यानं कधी विचारलं नव्हतं.

त्यानं भोपळे पुन्हा जाळीत भरले. गाठ तिच्यासारखी जमली नाही. कोयता आढ्याला खोचला.

मृग तोंडावर आला. गोठ्याशेजारी आळं खणून, शेणखत घालून झालं. छपरावर वेलासाठी काटक्या घातल्या. बी काढायचं तेवढं राहिलं.